बुणग्यांची सोंगटी

यतीनभाईंनी जाताना आतेच्या हातावर वीस रुपयांची नोट ठेवली आणि आतेनं ती घेतली. दोन्ही हात पुढे करून घेतली, कपाळाला लावली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून टाकली. मी तिथेच दारात होतो, त्यांच्या चपला दाखवायला वाकलेला. वाकलेल्या माणसावर वर बघायची सक्ती नसते, ही एक सोय. "बहुत अच्छा खाना था, बाई," यतीनभाई म्हणाले आणि जिना उतरून गेले. खाली त्यांची स्कूटर दोनदा खोकली आणि सुरू झाली. सहा वाजत होते, बाहेर अजून ऊन होतं. शांती नगरात सहाला टँकर यायचा, म्हणून बिल्डिंगच्या बायकांनी खाली हंडे आणि बादल्या लावायला घेतल्या होत्या. आते आत जाऊन ताटं गोळा करायला लागली. मी दार लावलं, कडी घातली. कडी घालायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माणूस एक वाक्य सहज बोलून टाकू शकतो. मी बोललो नाही. उलट जमिनीवर मांडलेला माझा खेळ आवरायला बसलो आणि सोंगट्या मोजत राहिलो, जणू त्यातली एखादी यतीनभाईंनी खिशात घातली असती.

सरूआते माझ्या वडिलांची सख्खी धाकटी बहीण. विसाव्या वर्षी नवरा गेला आणि राजापुराकडच्या गावातून ती परळला, आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आली. मी चार वर्षांचा असताना आई गेली, सातवीत असताना वडील गेले, आणि खोलीत आम्ही दोघंच उरलो. मग आतेनं खाणावळ काढली. गिरणीतली बावीस माणसं दोन पाळ्यांत जेवून जायची आणि मी कोपऱ्यात ज्वारीच्या पोत्याला टेकून पानिपतच्या लढाईची कारणं पाठ करायचो. माझी फी, माझी पहिली फुल पँट, माझं इतिहासातलं बी.ए., सगळं त्या भाकऱ्यांवर झालं. संप आला, गिरण्या मिटल्या, माणसं गावाला गेली, खाणावळ बंद पडली. एकोणनव्वद साली परळची खोली देऊन आम्ही इथे मीरा रोडला वन रूम किचन घेतलं. आते पहिल्या दिवशी चारी भिंतींना हात लावून फिरली आणि म्हणाली, "एवढ्या जागेत पन्नास माणसं जेवतील रे." नवीन सिमेंटचा वास होता, बाहेर चिखल होता, आणि जेवायला आम्ही दोघंच. लग्न माझं झालं नाही. का झालं नाही हे विचारणारेही आता थकले. रेशनिंग ऑफिसात मी कारकून आहे, उत्तम माझं नाव. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

हे सगळं मी यतीनभाईंना सांगू शकलो असतो, कारण त्यांनी विचारलंच होतं. यतीनभाई सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, म्हणून पंगत साडेपाचलाच बसली. आतेनं कांदा-लसूण न घालता दुधी आणि हरभऱ्याची डाळ, तांदळाच्या भाकऱ्या आणि नारळाच्या रसातल्या शेवया असा बेत केला होता. एरवी आम्ही दोघंच असतो, एकत्रच जेवतो, म्हणून हाताच्या सवयीनं तिनं तीन ताटं मांडली होती. ती पाण्याचे तांबे आणायला आत गेली तेव्हा यतीनभाईंनी मानेनंच तिच्याकडे खूण केली आणि विचारलं, "ये बाई कब से है आपके पास?" मी म्हणालो, "मैं छोटा था तब से." ते म्हणाले, "पुराने लोग! आजकल ऐसे लोग मिलते किधर हैं?" मी म्हणालो, "हां, नसीब." बस. एवढंच. यात मी एकही शब्द खोटा बोललो नव्हतो. कारकुनाला विचारा, कुठलाही अर्ज यावर नामंजूर करता येणार नाही. मान वर केली तर आते तांबे घेऊन दारात उभी होती. यतीनभाईंचं लक्ष तेवढ्यात तिसऱ्या ताटाकडे गेलं. "और कोई आने वाला है?" माझं तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण आतेच आधी बोलली. "नाय साहेब, चुकून मांडलं," असं म्हणून तिनं खाली वाकून ते ताट उचललं, वाटी त्यावर पालथी घातली आणि आत नेलं. नंतर ती मोरीशेजारी पाटावर बसून जेवली. मला तिची पाठ दिसत होती. त्या संध्याकाळी मी तिला एकदाही हाक मारली नाही. पाणी हवं असलं की रिकामा पेला नुसता पुढे सरकवत होतो.

का केलं मी हे? मला तिची लाज वाटली. हे एवढं सरळ लिहून टाकलं की बरं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही होत नाही. दंड घातलेलं नऊवारी, टाचांच्या भेगा, मिश्रीनं काळे झालेले दात, आणि कुणासमोरही "काय रे मेल्या" म्हणायची सवय. यतीनभाईंचा भाईंदरला कॅरम आणि सापशिडीचे पट बनवायचा कारखाना, त्यांच्यापुढे मी दोन भेटींत 'इतिहासाचा अभ्यासक' होऊन बसलो होतो. अभ्यासकाच्या घरात कशी माणसं असावीत याचं एक चित्र माझ्या डोक्यात होतं आणि त्यात ती बसत नव्हती. आणि याहून वाईट गोष्ट अशी की ज्या कामासाठी यतीनभाई माझ्या घरी आले होते, ते काम तिचंच होतं.

खेळ माझा, हे खरं. मराठ्यांच्या मोहिमांवरचा, पुठ्ठ्याच्या पटावर दोघांनी खेळायचा. पट कॅलेंडरच्या पाठीवर आखला होता. लग्नपत्रिका कापून सोंगट्या केल्या होत्या: पायदळ, घोडेस्वार, तोफा. वाल म्हणजे धान्य, काडेपेटीतल्या काड्या म्हणजे गवत, चिंचोके म्हणजे लोखंड. प्रत्येक सोंगटी पटावर ठेवायला काय लागेल आणि प्रत्येक डावाला ती काय खाईल हे मला ठरवायचं होतं, आणि तिथेच घोडं अडलं. पायदळाला एक वाल, घोडेस्वाराला दोन वाल आणि एक काडी असा हिशेब लावला तर जो घोडे घेईल तो पाचव्या डावात जिंकायचा. पायदळ घेणारा मूर्ख ठरायचा. घोड्याला तीन वाल केले तर घोडे कुणी घेईना, आणि दोन्हीकडची पायदळं आमच्या ऑफिसातल्या रॉकेलच्या रांगेसारखी एकमेकांकडे बघत उभी राहायची. तोफा महाग केल्या, स्वस्त केल्या. गवत नद्यांकाठीच मिळेल असं केलं. आठ महिने रोज ऑफिसातून आल्यावर मी दोन्ही बाजूंनी एकटाच खेळायचो आणि दोन्ही बाजूंनी हरायचो. दिवसभर लोकांच्या कार्डांवर मोठ्यांचं एक युनिट, पोराचं अर्धं युनिट असं लिहिणारा माणूस मी. माणसाला किती लागतं हे मला कळायला नको होतं काय? ग्रंथालयातून पुस्तकं आणली. पुस्तकांत घोडे किती, तोफा किती, सगळं होतं. एका फौजेबरोबर लढणाऱ्यांहून जास्त बुणगे, म्हणजे मागून चालणारे न लढणारे लोक, होते असंही होतं, आणि ते सांगताना प्रत्येक लेखकाच्या कपाळाला आठी पडलेली दिसायची. फुकट खाणारं लटांबर, त्यांच्यामुळे धान्य संपलं, त्यांच्यामुळे हरले. मी मान डोलवून पुढचं पान उलटायचो.

आते समोर तांदूळ निवडत बसायची. एका रविवारी दुपारी तिनं सुपातला खडा बाजूला काढला आणि विचारलं, "हे तुझे शिपाई कच्चेच दाणे खातात काय रे?" मी वैतागून म्हटलं, "आते, हा खेळ आहे." ती म्हणाली, "खेळ तर खेळ. घोड्याला तोबऱ्यात चणे दिले की झालं, त्याला कोण दळून घालतो? पण माणूस कच्चं खाईल काय? पोतं आलं म्हणजे जेवण झालं असं तुम्हा बाप्यांना वाटतं. माझ्याकडे बावीस माणसं होती. पोतं दारात येऊन पडायचं, पण मला ताप आला त्या दिवशी बावीसच्या बावीस उपाशी गेले कामावर. पोतं होतं की तिथेच." मी हसलो. मग हसणं थांबलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. त्याच संध्याकाळी मी चौथी सोंगटी कापली, बुणग्यांची. पाच पायदळामागे एक. लढत नाही, एक वाल खाते, आणि एका डावात एकच घर चालते, म्हणून सगळं पायदळ हळू होतं. पण ती जवळ नसेल तर पायदळाचे वाल पटावर नुसते पडून राहतात, खाता येत नाहीत. घोडा चणे खाऊन पुढे पळतो, पण बुणग्यांपासून तीन घरांपलीकडे गेला की त्याचा स्वारही उपाशी, परत यावंच लागतं. आता घोडेवाल्यानं शत्रूच्या तोफांवर जाण्याऐवजी मागच्या बुणग्यांवर झडप घालायची, आणि पायदळवाल्यानं आपली सगळी फौज त्यांच्याभोवती उभी करायची. खेळ एका दिवसात उभा राहिला. कोण जिंकेल हे शेवटच्या डावापर्यंत कळेना. मी आतेला म्हटलं, "जमलं." ती म्हणाली, "मग जेव आता."

यतीनभाई जेवणाआधी दोनदा खेळले. पहिल्या खेपेला त्यांनी सगळे घोडे घेतले आणि माझे बुणगे कापून काढले. माझी वीस पायदळं भरल्या धान्याशेजारी मेली. त्यांनी मांडीवर थाप मारली. "आ तो कमाल छे, उत्तमभाई! सब गेम में लोग मारामारी डालते हैं. ये रोटी पकाने वाला कौन डालेगा? ये आया कैसे दिमाग में?" आते तेव्हा स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, थापण्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता, म्हणजे बाहेरचंही आत ऐकू जात असणार. मी म्हणालो, "सोचते सोचते सुचा." आयत्या बिळावर नागोबा. एकदा हे बोललो तेव्हाच पुढचं सगळं ठरून गेलं असावं. जिचं डोकं घेतलं तिला आते म्हणून पुढे उभी करायची तर डोकंही परत करावं लागलं असतं.

मी वाट बघत राहिलो की ती बोलेल. लहानपणी मी खाणावळीतल्या एकाच्या खिशातून विडी काढली तेव्हा तिनं मला उलथन्यानं मारलं होतं आणि मग स्वतःच रडली होती. आताही तसलं काहीतरी होईल, घर दणाणून जाईल, आणि सगळं स्वच्छ होईल. काही झालं नाही. सकाळी तिनं डबा दिला. संध्याकाळी "चहा ठेवू काय?" विचारलं. दोन दिवसांनी मीच विषय काढला, तोही कसा, "यतीनभाई जरा विचित्रच आहेत, नाही?" चोराच्या मनात चांदणं. ती म्हणाली, "चांगला माणूस आहे. पोटभर जेवला." मी पट मांडला की मात्र ती आता समोर बसत नव्हती, सूप घेऊन गॅलरीत जायची. माफी मागणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकाच खोलीत राहून बघावं. मध्ये जागाच नसते. तिच्या पायांना माझा पाय रोज लागत होता, आणि लागला की मी लहानपणापासूनच्या सवयीनं हात लावून नमस्कार करत होतो, तेवढंच.

तीन आठवड्यांनी ऑफिसात यतीनभाईंचा फोन आला. खेळाच्या खोक्याचा नमुना तयार आहे, दिवाळीला माल बाजारात जाईल. मग म्हणाले, "एक काम था. मेरी वाइफ हंसा का ऑपरेशन हुआ, डॉक्टर ने उठने को मना किया. हमारा महाराज गाँव भाग गया. वो आपकी बाई को पंधरा दिन भेजो ना. उसके हाथ की भाकरी हंसा को मैंने बोला है." माझ्या कानाला रिसीव्हर गरम लागला. वाक्य तयार होतं: यतीनभाई, ती बाई नव्हे. चार शब्द. समोर एक म्हातारा कार्डावर शिक्का मारून घ्यायला उभा होता आणि माझ्याकडेच बघत होता. मी म्हणालो, "पूछता हूँ." विचारतो म्हणालो, पण काय विचारणार होतो? घरी जाऊन काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मनात एक आशा होती की त्यांचा स्वयंपाकी महाराज गावाहून परत येईल.

चौथ्या दिवशी घरी आलो तर दाराला कुलूप. शेजारच्या ममतानं किल्ली दिली. "तुमच्या आते भाईंदरला गेल्या. कारखान्याचा माणूस आलेला रिक्षा घेऊन, बोलला शेठनी तुम्हाला फोन केलाय. त्यांनी त्याला पाच मिनटं खाली थांबवलं, पिशवी भरली आणि गेल्या. भात कुकरमध्ये आहे सांगायला सांगितलंय. तुम्हीच पाठवलंत ना?" मी म्हणालो, "हो." हे माझं तिसरं खोटं. आत शिरलो. तिनं काही विस्कटलेलं नव्हतं. दोन लुगडी, मिश्रीची डबी आणि जपमाळ एवढंच गेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी पाव खाल्ला. डब्यात गहू शिगोशीग होते, पीठ नव्हतं. चक्कीवर जाऊन दळून आणलं असतं, पण मळायचं कसं आणि भाजायचं कसं ते चाळीस वर्षांच्या या घोड्याला येत नव्हतं. खेळ बरोबर होता एवढं सिद्ध झालं. ती का गेली याचा विचार मी रात्रंदिवस केला. माझं वचन पडू नये म्हणून? माझा खेळ अडू नये म्हणून? की तू मला बाई म्हणालास ना, मग बघ, मी बाई होऊन दाखवते, म्हणून? यातलं कुठलंही खरं असलं तरी मला तोंड दाखवायला जागा नव्हती. पाच दिवस मी गेलो नाही. रोज उद्या जाऊ म्हणायचो आणि रोज संध्याकाळी वाटायचं, आज ती त्यांच्याकडे कुठल्या पाटावर बसून जेवली असेल.

रविवारी चारला रिक्षा केली. नवघर रोडला जाईपर्यंत एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला अर्ध्या बांधलेल्या इमारती, आणि मी मनात वाक्य घोकतोय. मराठीत म्हटलं तर त्यांना नीट कळणार नाही आणि निसटायला मला फट राहील, म्हणून हिंदीतच म्हणायचं. बुआ म्हणायचं. सगी म्हणायचं. ती पाणी घेऊन यायच्या आत म्हणायचं. खेळ गेला तर गेला. यतीनभाई म्हणतील, जो माणूस घरच्या बाईबद्दल खोटं बोलतो तो धंद्यात काय करेल, आणि बरोबरच म्हणतील. एवढं ठरवल्यावर खरंच छातीतलं ओझं उतरल्यासारखं झालं. भाईंदरचा वारा तोंडावर आला. मी तिला घेऊन याच रिक्षातून परत येईन, आणि वाटेत ती मला मेल्या म्हणेल.

यतीनभाईंनीच दार उघडलं. हंसाबेन सोफ्यावर शाल घेऊन पडल्या होत्या, पांढऱ्याफटक, पण हसऱ्या. टेबलावर खेळाचं खोकं होतं, झाकणावर घोडेस्वार आणि खाली कोपऱ्यात माझं नाव. "देखो, देखो," यतीनभाई म्हणाले. मी बघितलं नाही. आतून आते ट्रेमध्ये पाण्याचा पेला घेऊन आली. नवीन सुती लुगडं होतं अंगावर, हंसाबेननी दिलेलं असणार. तिनं ट्रे माझ्यासमोर धरला आणि नजर ट्रेवरच ठेवली. घरी ती पेला हातात कोंबते. मी उभा राहिलो. "यतीनभाई," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच कुणा दुसऱ्याचा वाटला, "मैंने उस दिन आपको बताया नहीं. ये कामवाली नहीं है. ये मेरी बुआ है. सगी बुआ, मेरे बाप की बहन. इसने मुझे पाला है. और वो बुणगे का आइडिया भी इसी का है, मेरा नहीं."

यतीनभाई माझ्याकडे, मग आतेकडे बघायला लागले. आतेनं ट्रे जरासाही हलू दिला नाही. मग पदर तोंडाला लावून ती हसली, खाणावळीतल्या माणसांनी भाकरीची तारीफ केली की हसायची तशी.

"साहेब आमचे असेच बोलतात," ती हंसाबेनना म्हणाली. "कामाच्या माणसाला कधी परकं मानलंच नाय त्यांनी. लहानपणापासून." आणि माझ्याकडे वळून, "घ्या ना साहेब, पाणी घ्या."

मी पेला उचलला. ती रिकामा ट्रे घेऊन आत गेली.

यतीनभाईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही. हंसाबेन उशीवर कोपर टेकून जरा वर झाल्या, नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "जोयुं? आने माणस कहेवाय." याला माणूस म्हणायचं, म्हणजे मला.

मी खाली बसलो.